नवा सायलेन्सर बसवला, तरी जोड का फुसफुसतो?

डिसेंबरात नागपूरचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की सकाळी सकाळी गाडी सुरू करा आणि वाकून खाली बघा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. थंड हवेत ही वाफ पांढरी दिसते. एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनापासून मागे जाणाऱ्या धुराच्या पाइपाच्या, मागच्या टोकातून ती येणारच. पण मधल्या एखाद्या जोडातून बारीक धार निघत असेल, खाली थेंब टपकत असतील, तर तो जोड गळतोय. मे महिन्यात ही वाफ दिसत नाही, तेव्हा कानावर आणि काजळीवर भिस्त ठेवावी लागते.

बाजारातून आणलेला एक्झॉस्ट बसवताना सगळं लक्ष पाइपाच्या मापावर, आवाजावर आणि टोकाच्या चकाकीवर जातं. जोडाची पाळी आली की पेस्टची ट्यूब पिळली जाते आणि काम झालं असं समजतात. चूक इथेच होते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सपाट आणि सगळीकडे सारख्या दाबाने बसले की गॅस अडतो. पेस्ट फार तर केसाएवढी उरलेली फट भरते. वाकडी फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्टाने आवळायची सपाट पट्टी), सैल पाइप, ओढून-ताणून बसवलेला जोड, यातलं काहीही ती सुधारत नाही. मग पहिल्या आठवड्यात सगळं शांत असतं आणि महिन्याभरात फट्‌फट् सुरू होते.

गळतीने काय काय बिघडतं

एक्झॉस्टमधला गॅस नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपात शिरते, आणि दोन लाटांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेच्याही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे गळका जोड गॅस बाहेर टाकतो, तसाच हवा आतही घेतो.

ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या (गॅसमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असली, तर खरा घोळ होतो. आत आलेली हवा सेन्सरला दिसते. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय असं ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं आणि ते जास्त पेट्रोल सोडायला लागतं. अ‍ॅव्हरेज पडतं, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) गरजेपेक्षा जास्त तापतो, आणि काही दिवसांनी पी०१७१ हा ‘पेट्रोल कमी’ सांगणारा कोड घेऊन चेक इंजिनचा दिवा लागतो. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतील आणि फट त्यांच्या मधे असेल तर मागचा सेन्सर फसतो. मग कॅट चांगला असूनही तो खराब असल्याचा कोड येऊ शकतो, आणि हजारोंचा कॅट बदलूनही दिवा परत लागतो, कारण दोष एका पॅकिंगचा असतो.

मागच्या सेन्सरच्याही मागे, सायलेन्सरकडच्या भागात गळती असेल तर इंजिनाचं गणित बिघडत नाही. तिथे प्रश्न आवाजाचा आणि विषारी वायूचा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. नागपूरच्या उन्हात सावलीला गाडी उभी करून, काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून एसीत बसायची सवय अनेकांना आहे. गाडी उभी असताना खालचा गॅस वाऱ्याने उडून जात नाही. फ्लोअरमधल्या एखाद्या निघालेल्या रबरी बुचातून किंवा डिकीच्या सैल रबरातून तो आत येतो. डोकं जड होणं, मळमळ, झापड येणं ही त्याची लक्षणं, आणि लोक ती उन्हाच्या खात्यावर टाकतात. म्हणून जोडाची गळती ही फक्त आवाजाची तक्रार समजू नका.

इथून पुढे कॅटच्या मागचा भाग बदलतोय असं धरलं आहे. कॅट काढून सरळ पाइप टाकणं हे बीएस ६ गाडीच्या प्रदूषण मापदंडात बसत नाही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लायसन्सवरही गदा येते. जोड कितीही उत्तम बंद केला तरी त्याने हे टळत नाही.

सपाट फ्लँज आणि तिचं पॅकिंग

सर्वांत जास्त दिसणारा जोड हाच: दोन किंवा तीन बोल्टांच्या दोन पट्ट्या, आणि मधे पॅकिंग. पॅकिंग बहुधा छिद्रांच्या पत्र्यावर दाबलेल्या ग्रॅफाइटचं असतं, नाहीतर पातळ स्टीलच्या दोन-तीन थरांचं. नागपूरच्या घाट रोडवर घ्यायला जाताना जुनं पॅकिंग सोबत न्या, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाइपाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून न्या. पॅकिंगचं भोक पाइपाच्या भोकापेक्षा लहान असलं तर त्याची कड गॅसच्या वाटेत येते, लाल होते आणि जळत जळत बाहेरपर्यंत फट पाडते. भोक एक-दोन मिलिमीटर मोठं चालतं, लहान अजिबात नाही.

जुनं पॅकिंग परत वापरू नका. एकदा दाबलं गेलं की ते जुन्या फ्लँजच्या खाचाखोचांचा ठसा घेतं, दुसऱ्या जागी तो जुळत नाही. आणि एकावर एक दोन पॅकिंगं टाकणं ही तर गळतीची हमीच. आतला थर सरकतो आणि बोल्टाचा ताण काही दिवसांत उतरतो.

जुन्या बाजूची फ्लँज खरवडून स्वच्छ करा. तिच्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरा आणि मागून उजेड पाडा. उजेड दिसला तर फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.१५ मिमीचं पातं आत शिरलं तर फ्लँज वाकलेली आहे असं समजा. दोन बोल्टांच्या पातळ फ्लँजा कानांकडून (बोल्टाच्या भोकांच्या टोकांकडून) वाकतात, कारण कुणीतरी आधी गळती थांबवायला बोल्ट जीव खाऊन आवळलेले असतात. कान जवळ येतात आणि मधला भाग उलट उघडतो. जास्त आवळलं की जास्त गळतं, ते यामुळे. थोडा बाक असेल तर सपाट कानशीने निघतो. जास्त असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या, हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला अशी वर्कशॉपं बरीच आहेत. नवी फ्लँज घेतलीत तर ती किमान ८ मिमी जाडीची घ्या.

बोल्ट आवळताना एक बाजू पूर्ण घट्ट करून मग दुसरीकडे जाऊ नका. दोन्ही बाजू हाताने बसवा, मग आळीपाळीने पाव-पाव फेरा. मधूनमधून दोन फ्लँजांमधलं अंतर दोन्ही टोकांना सारखं आहे का ते डोळ्याने बघा. किती जोराने आवळायचं, म्हणजे टॉर्क, याचा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच खरा. नाही मिळाला तर एम ८ बोल्टाला २० ते २५ आणि एम १० ला ४० ते ४५ न्यूटन मीटर हा सर्वसाधारण अंदाज. ग्रॅफाइटच्या पॅकिंगला पेस्ट लावू नका. पेस्ट आधी जाडी वाढवते, तापल्यावर आकसते, आणि तितकाच बोल्टाचा ताण कमी होतो.

नट कुठला, हेही बघा. नायलॉनची रिंग असलेला नट १२० अंशांच्या पुढे कामाचा नाही, नायलॉन वितळून जातं आणि नट सुटतो. इथे पूर्ण धातूचा लॉकनट किंवा तांब्याचा मुलामा दिलेला नट लागतो. स्टेनलेस बोल्टावर स्टेनलेस नट चढवताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. त्यासाठी आट्यांना कॉपर किंवा निकेलचं अँटी-सीझ ग्रीस बोटभर लावा, आणि ते लावल्यावर टॉर्क थोडा कमी ठेवा, कारण घसरण वाढते.

जुने नट काढायची घाई करू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. नट हलला की पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल, असं करत आणा. एका दमात ओढला की स्टड (एका टोकाने रुतलेला, डोकं नसलेला बोल्ट) तुटतो, आणि तो मॅनिफोल्डकडचा, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या भागाकडचा, असेल तर ड्रिलिंगचं काम निघतं.

स्प्रिंगवाला गोल जोड

इंजिन पुढे-मागे डोलतं आणि पाइप बॉडीला लटकलेला असतो. हा डोल सोसायला अनेक गाड्यांत पुढे जाळीची फ्लेक्सी (लवचिक पाइपाचा तुकडा) असते किंवा गोल रिंगचं पॅकिंग आणि दोन स्प्रिंगवाले बोल्ट असतात. हा जोड मुद्दाम हलता ठेवलेला आहे. त्यातली रिंग तारेची जाळी आणि ग्रॅफाइट दाबून केलेली असते. तिची गोलसर बाजू फ्लँजच्या वाटीसारख्या खोलगट भागात बसते. उलटी बसवली तर ती कडेवरच टेकते आणि चालू करताच फुसफुस ऐकू येते.

या बोल्टाला मधे एक खांदा असतो. बोल्ट खांद्यापर्यंत जातो आणि थांबतो, पुढचं दाबायचं काम स्प्रिंग करते. स्प्रिंग गंजून तुटली की तिच्या जागी साधा बोल्ट टाकून घट्ट आवळायची पद्धत सर्रास दिसते. गाडी त्या दिवशी शांत होते. पण डोल आता कुठेतरी जायलाच हवा, आणि तो पुढच्या वेल्डिंगवर जातो. काही महिन्यांत मॅनिफोल्डजवळ तडा दिसतो. दोन स्प्रिंगा आणि दोन खांद्याचे बोल्ट यांची किंमत त्या वेल्डिंगच्या मानाने फार कमी आहे. या जोडात कुठलीही कडक होणारी पेस्ट घालायची नाही. पहिल्याच डोलाला तिचा भुगा होतो.

पाइपात पाइप

बाजारी सायलेन्सरमध्ये सर्वांत जास्त गळणारा जोड हा आहे, म्हणून इथे थोडं थांबूया.

एक पाइप दुसऱ्यात सरकतो आणि बाहेरून क्लॅम्प बसतो. आतल्या पाइपाचा बाहेरचा व्यास आणि बाहेरच्या पाइपाचा आतला व्यास यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. दुकानात ‘दोन इंची’ म्हणून मिळणारा पाइप ५०.८ मिमीचा, पण तो बाहेरून की आतून, हे दुकानदारही नेहमी सांगत नाही. दोन्ही टोकं मोजा. पाइप आत हलका खडखडत असेल तर क्लॅम्प बाहेरच्या पाइपाला एका जागी चेपतो आणि समोरासमोर दोन फटी तशाच राहतात. अशा वेळी योग्य मापाचा अडॅप्टर घ्या.

पाइप एकमेकांत ४० ते ५० मिमी शिरला पाहिजे. शक्य असेल तिथे इंजिनाकडचा पाइप आत आणि मागचा पाइप बाहेर ठेवा, म्हणजे गॅस आतल्या कडेवरून पुढे निघून जातो, फटीवर आदळत नाही.

आता बाहेरच्या पाइपाची चीर बघा. बाहेरच्या पाइपाला टोकापासून लांबीच्या दिशेने चिरे दिलेले असतात, म्हणजे क्लॅम्प आवळला की तो आकसतो. ही चीर ३० मिमी लांब असेल आणि आतला पाइप फक्त २५ मिमी शिरला असेल, तर चिरेचा शेवटचा ५ मिमी भाग उघडा राहतो. सरळ पाइपाच्या पोटात उघडतो तो. क्लॅम्प कितीही आवळा, गॅस तिथून बाहेर येणारच, आणि चिरेच्या टोकाला काजळीचा छोटा काळा त्रिकोण उमटतो. बसवण्याआधी चिरेची लांबी मोजा, आतल्या पाइपावर तिच्यापेक्षा १० मिमी पुढे मार्करने खूण करा, आणि खूण झाकली जाईपर्यंत पाइप आत ढकला.

यू-क्लॅम्प स्वस्त असतो, पण दोन्ही पाइपांना चेपून खोबणी पाडतो. पुढच्या वेळी तो पाइप निघत नाही, आणि निघाला तर ती खोबणी नव्या जोडाला गळती देते. जुन्या पाइपावर अशी खोबणी असेल तर तेवढा तुकडा कापून टाका. रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प चौफेर सारखा दाब देतो आणि पाइप गोलच ठेवतो. थोडे पैसे जास्त जातात, पण हाच घ्यावा. त्यातही पाइपात पाइप बसण्यासाठीचा आणि टोकाला टोक भिडवण्यासाठीचा असे दोन प्रकार असतात. पहिल्याला मधे पायरी असते, दुसरा सरळ असतो. अदलाबदल केली तर दोन्ही गळतात. क्लॅम्प बाहेरच्या पाइपाच्या टोकापासून साधारण १० मिमी आत ठेवा.

व्ही-बँडचा जोड (दोन्ही पाइपांच्या कडा आतून व्ही आकाराच्या एका पट्टीत धरणारा) मिळाला तर त्याच्यासारखा सोपा नाही. क्लॅम्प हलका आवळा, भोवताली रबरी हातोडीने ठोका, मग पुन्हा आवळा. ठोकल्यावर नट अर्धा-पाऊण फेरा अजून फिरतो, तेव्हा तो खरा बसतो.

पेस्ट आणि सिलिकॉन: कुठे आणि किती

ट्यूबमधलं लाल सिलिकॉन साधारण ३०० ते ३४० अंशांपर्यंत टिकतं, तांबूस रंगाचं ३७० पर्यंत. पेट्रोल गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये भार पडल्यावर गॅस ८०० अंशांच्या वर जातो. तिथे सिलिकॉन जळून पांढरी भुकटी होते. त्याहून वाईट म्हणजे त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरवर आणि कॅटवर सिलिकाचा थर चढवते, आणि तो थर उतरत नाही. सेन्सरच्या आणि कॅटच्या पुढे सिलिकॉन लावायचंच नाही. शेवटच्या सायलेन्सरमागच्या टोकाला पातळ थर चालतो, तोही २४ तास वाळू दिल्यावर.

एक्झॉस्टची खरी पेस्ट वेगळी असते, राखाडी चिखलासारखी. तिच्यात सोडियम सिलिकेट आणि न जळणारी खनिज भुकटी असते. ती १,००० अंशांच्या आसपासही तग धरते, पण वाळली की मातीच्या भांड्यासारखी ठिसूळ होते. म्हणून ती फक्त पाइपात पाइप अशा न हलणाऱ्या जोडात. गंज आणि तेल काढून लख्ख धातू होऊ द्या, आतल्या पाइपावर ओल्या फडक्याने पुसून १ ते २ मिमीचा थर लावा, पाइप गोल फिरवत आत सरकवा आणि क्लॅम्प आवळा. मग इंजिन १० मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा आणि रात्रभर राहू द्या. लगेच वर्धा रोडवर गाडी पळवली तर पेस्टमधलं पाणी उकळतं, बुडबुडे होतात आणि थर आतून पोकळ राहतो. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखालच्या पाण्यात तापलेला पाइप बुडाला की असा थर सर्वांत आधी तडकतो.

मळून लावायची इपॉक्सी लांबी एक्झॉस्टला चालत नाही, ती जळते. आणि पाइपाचा तुकडा जोडायला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घेऊ नका. त्याचं जस्त ४२० अंशांना वितळतं, आणि वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर वेल्डरला ताप आणतो. वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

बसवायचा क्रम आणि तपासणी

लोखंड तापलं की वाढतं. साध्या स्टीलचा दोन मीटर पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला तर सुमारे ७ मिमी लांब होतो, ३०४ स्टेनलेसचा सुमारे १० मिमी. ही वाढ मागच्या दिशेला जाते आणि ती रबरी हँगरांनी सोसायची असते. म्हणून थंड असताना हँगर किंचित पुढे झुकलेले चालतात, मागे ताणलेले चालत नाहीत. जुने तडकलेले रबर नव्या सायलेन्सरसोबतच बदला.

गाडी सपाट जागी, चाकांना अडसर, जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. सगळा एक्झॉस्ट आधी लटकवा, सगळे नट फक्त हाताने लावा. पाइप फिरवून सरळ करा आणि ब्रेक-पेट्रोलच्या नळ्या, बॉडी यांच्यापासून किमान २० ते २५ मिमी अंतर ठेवा. इथल्या सिमेंट रस्त्यांच्या कडा उंच असतात, म्हणून मूळ पाइपापेक्षा काही खाली लोंबत नाही ना, तेही बघा. सगळं आपोआप जुळलं की इंजिनाकडून मागे येत एकेक जोड आवळा. पहारीने ढकलून धरावा लागणारा जोड आवळू नका, हँगरची जागा किंवा पाइपाचा कोन चुकलाय.

तपासायला इंजिन थंड असतानाच सुरू करा, कारण तापल्यावर धातू फुगून बारीक फटी मिटतात आणि टिकटिक लपते. दुसऱ्या माणसाने जाड हातमोजा घालून मागचं टोक दुमडलेल्या कापडाने दोन-तीन सेकंद दाबावं. आत दाब वाढतो आणि गळका जोड स्पष्ट फुसफुसतो. याहून खात्रीची रीत म्हणजे इंजिन बंद आणि थंड ठेवून व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू टोकाला लावायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे आले तिथे काम बाकी आहे. पहिल्यांदा तापताना पाइपावरच्या तेलाचा धूर १५-२० मिनिटं येतो, म्हणून हे उघड्यावर करा.

१०० ते १५० किलोमीटर झाल्यावर, गाडी पूर्ण थंड असताना, फ्लँजचे आणि क्लॅम्पचे नट पुन्हा टॉर्क रेंचने बघा. पॅकिंग पहिल्या काही तापण्यांत थोडं दबतं, त्यामुळे नट थोडे सैल मिळतातच. स्प्रिंगच्या बोल्टांना मात्र हात लावू नका, खांदा टेकला असेल तर ते बरोबर आहेत. त्याच वेळी प्रत्येक जोडावर बोट फिरवा. बोटाला कोरडी काळी काजळी लागली तर तो जोड उघडून, पुसून, नव्या पॅकिंगने परत बसवावा लागेल.